अडलेली गाडी ओढायची कोणी?

पुण्याहून कोल्हापूरकडे येताना शिरवळ-खंडाळा मागे टाकले की खंबाटकीचा घाट लागतो. सुट्टीच्या आदल्या रात्री या घाटात एस. टी. त अडकून पडण्याचा योग तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल, मलाही आला आहे. दोन तास गाडी जागची हलली नाही. मग पायी वर चालत गेलो, तर वळणावर एक मालट्रक आडवा उभा. मागच्या चाकाला धोंडा लावलेला, भोवती झाडाचे डहाळे मोडून टाकलेले, आणि ड्रायव्हर फोन कानाला लावून कोणा क्रेनवाल्याशी घासाघीस करतो आहे. त्याच्यामागे मैलभर गाड्यांची रांग! त्या रांगेत एक रुग्णवाहिकाही होती. क्रेनचे भाडे किती, एवढ्या एका प्रश्नावर ती सगळी रांग थांबलेली होती.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला आहे. घाटात अडलेली गाडी ओढायची कोणी, आणि त्याचे पैसे द्यायचे कोणी? तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? पण प्रश्न ट्रकाहून फार जुना आहे.

सह्याद्रीच्या वाटा आपल्या पूर्वजांनी दोन हजार वर्षांमागे वाहत्या केल्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, आणि घाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. वाटसरूंकडून घेतलेली जकात त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. मराठेशाहीतही घाटावर चौकी असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्या मालाचा हिशेब ठेवणारा घाटपांड्या असे. आज घाटपांडे आडनावाचे गुरुजी तुमच्या शाळेत असतील, तर त्यांच्या नावातच हा इतिहास दडला आहे! जकात घेणाऱ्याने वाट राखावी, चोराचिलटांचा बंदोबस्त करावा, ही अपेक्षा होती. पण बैल बसला किंवा गोणी दरीत गेली, तर ते व्यापाऱ्याचे नशीब.

पुढे गाडीरस्ते झाले. बोरघाटातला रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. आपल्या करवीर संस्थानातूनही फोंडा, आंबा, गगनबावडा या वाटांनी गूळ कोकणात उतरू लागला आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर येऊ लागली. गाडी आली तसा चढावर जादा ओढीचा प्रश्न आला. भरल्या गाडीला घाट एका जोडीने चढवत नाही. मग पायथ्याच्या गावात बैल बाळगणारे असत, ते आपली जोडी पुढे जुंपून गाडी माथ्यावर पोचवीत आणि पैसे घेऊन मोकळे बैल खाली आणीत. गाडीवान मागे उटी घेऊन चालायचा, बैल थांबले की चाकाखाली सारायचा. खंबाटकीत पाहिलेला तो धोंडा म्हणजे ही उटीच. ट्रक बदलला, यंत्र बदलले, उटी तीच राहिली. (माथ्यावर पोचल्यावर ती उटी रस्त्यातच टाकून जाण्याची खोडही तीच राहिली, आणि रात्री तीवर मोटारसायकलवाले आपटतात. असो.)

आता या जोडीच्या भाड्यात एक मेख होती. पायथ्याशी, दिवसाउजेडी, चार बैलवाले हजर असताना भाडे रास्त असायचे. पण अर्ध्या घाटात, पावसात, अंधार पडल्यावर एकच बैलवाला भेटला तर तो मागेल ते द्यावे लागणार. अडला हरी आणि गाढवाचे पाय, ही म्हण काही उगाच झाली नाही.

आगगाडीने मात्र हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ सदतीस फुटांत एक फूट इतका तीव्र. एका एंजिनाला एवढी ओढ जमत नाही म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा एंजिने जोडतात. ती गाडी वर ढकलतात आणि लोणावळ्याला सुटतात. विजेची एंजिने आली तरी ही पद्धत चालूच राहिली. कर्जतच्या फलाटावर वडा खाताना तुम्ही हे पाहिले असेल. पण त्या एंजिनासाठी कोणी तुमच्यापाशी वेगळे पैसे मागितले का? नाही. ती ओढ तिकिटात धरलेली असते. आपल्या एस. टी. चेही तसेच. बस बंद पडली की आगाराची गाडी येते. उतारूंनी वर्गणी काढून बस ओढून न्यावी असे कोणी म्हणत नाही.

मग ट्रकाच्याच नशिबी ही घासाघीस का? कारण रस्ता एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि माल तिसऱ्याचा. आगगाडीत रूळ आणि एंजिन यांचा धनी एकच होता.

रस्त्याच्या पैशाचा इतिहासही जरा पाहू या. इंग्रज सरकारने १८५१ मध्ये टोलचा कायदा केला. टोलचे निव्वळ उत्पन्न रस्ते आणि पूल बांधणे, दुरुस्त करणे, राखणे यांवर खर्चावे असे त्यात म्हटले होते. रस्ता राखायचा तो दगडमातीचा, ही समजूत त्या काळी बरोबरच होती. मोडकी बैलगाडी चार माणसे बाजूला ढकलू शकत. मोटारी वाढल्या तेव्हा १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जयकर समितीने सांगितले की रस्त्यांचा भार आता लोकल बोर्डांना पेलण्यासारखा राहिला नाही, जो रस्ता वापरतो त्याच्याकडून पेट्रोलवर जादा कर घ्या आणि त्याचा वेगळा निधी करा. त्याप्रमाणे गॅलनमागे दोन आणे कर बसला आणि १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी स्थापन झाला. एका मराठी माणसाने घालून दिलेली ही वहिवाट, थोड्या बदलांनी, आजपर्यंत चालत आली आहे. पण या निधीतही विचार होता तो रस्ता करण्याचा. रस्ता वाहता ठेवण्याचा खर्च निराळा असतो, हे तेव्हा कोणाला दिसावे इतकी वाहने नव्हती.

आज ती आहेत. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाची एक बाजू साताऱ्यावरून, कऱ्हाडावरून आणि आपल्या कोल्हापुरावरून जाते. टनभर ओझ्याच्या बैलगाडीच्या जागी तीन आसांचा ट्रक आला. त्याला मालासकट २५ टनांची मर्यादा होती, ती २०१८ मध्ये साडेअठ्ठावीस टनांवर गेली. आणि आता ट्रक कसा अडतो तेही ऐका, कारण पुष्कळांना वाटते की दोरखंड बांधला आणि ओढला. चढावर खालच्या गिअरात तास-दीड तास एंजिन तापते, क्लच प्लेट जळते, पाटा तुटतो नाहीतर आस मोडतो. हवेच्या ब्रेकमधली हवा गेली तर चाके आपोआप आवळली जातात. ती आधी सोडवावी लागतात. खालचा लांब दांडा सोडावा लागतो, नाहीतर ओढताना गिअरबॉक्स फुटतो. ड्रायव्हर लोक ज्याला टोचन म्हणतात ते रिकाम्या गाडीचे दुसऱ्या ट्रकाने करता येते. भरल्या ट्रकाला भारी क्रेन आणि जाणता माणूस हवा. मोटारी उचलणारी चिमुकली क्रेन तिथे काय कामाची?

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या २०१ व्या कलमात असे आहे, की बंद पडलेली गाडी रहदारीला अडथळा करीत ठेवली तर तासागणिक दंड. तो पूर्वी तासाला पन्नास रुपयांपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीने पाचशेपर्यंत केला. शिवाय सरकारी यंत्रणेने गाडी हलवली तर तो खर्च मालकाकडून वसूल. म्हणजे न्याय सरळ, ज्याची गाडी त्याचा खर्च. पण घाटात या न्यायाचे काय होते? मालक दूर गावी, खिशात डिझेलचे पैसे घेतलेला ड्रायव्हर आणि पोरसवदा क्लीनर इथे. क्रेनवाला मागतो तितके त्यांच्यापाशी नाहीत. म्हणून ते रस्त्यातच जॅक लावून गाडीखाली शिरतात. रात्री, वळणावर, मागून भरधाव गाड्या येत असताना! किती जण असे चिरडले गेले याच्या बातम्या तुम्ही वाचता. दंडाची भीती घातल्याने आस जुळत नाही.

दुसरा मार्ग टोलचा. टोल घेणाऱ्या कंपन्यांच्या करारात गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवण्याची अट असते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक फिरवला की मदत मागता येते, तो फुकट आहे, गुरुजींनी तो फळ्यावर लिहून ठेवावा. तासवडे, किणी या नाक्यांवरून जाताना आपण जे पैसे देतो, त्यात ही ओढही धरलेली आहे. कर्जतच्या एंजिनासारखीच! पण टोल म्हटले की कोल्हापूरकराच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगीच पडत नाही. शहरातल्या रस्त्यांवर बसवलेल्या टोलविरुद्ध इथे वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे हे म्हातारे रस्त्यावर उतरले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने तो टोल रद्द केल्याचे जाहीर केले. त्या लढ्याने आपल्याला एक सवय लावली, पैसे घेता तर काय देता हे विचारण्याची. तीच सवय इथे चालवायला हवी. नाक्यावर क्रेन आहे का, ती किती टनांची आहे, आणि निरोप मिळाल्यापासून किती वेळात घाटात पोचली, हे आपण कधी विचारले आहे?

परदेशात याचे निरनिराळे प्रयोग झाले. अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरी महामार्गावर हिवाळ्यातल्या गर्दीच्या दिवसांत सरकारच आपल्या खर्चाने भारी क्रेन चढावर उभ्या ठेवते. ट्रक सुरक्षित जागी फुकट नेऊन ठेवायचा, पुढचा खर्च मालकाचा. लॉस एंजल्समध्ये गस्तीच्या ओढगाड्यांना राज्याच्या पैशाबरोबर विक्रीकराचा एक वाटा मिळतो, म्हणजे ज्याच्यापाशी मोटार नाही तोही थोडे देतो. अटलांटा भागात २००८ पासून निराळीच युक्ती आहे. उलटलेला ट्रक नव्वद मिनिटांत हलवून रस्ता मोकळा केला तर क्रेनवाल्याला सरकारकडून बक्षीस.

मला स्वतःला कोलोराडोची वाटणी पटते. वळणापासून जवळच्या मोकळ्या जागेपर्यंतची ओढ सर्वांच्या पैशातून व्हावी, कारण तेवढ्या ओढीचा फायदा रांगेतल्या प्रत्येकाला आहे. तिथून गॅरेजपर्यंत मालकाने न्यावे. टोलवाल्याने क्रेन ठेवली नसेल तर दंड त्याला व्हावा, ड्रायव्हरला नव्हे. यावर कोणी म्हणेल, जादा माल भरून क्लच जाळणाऱ्याची गाडी आम्ही का ओढावी? आक्षेप खरा आहे. पण जादा माल पकडायची जागा काट्यावर, घाटाच्या खाली आहे. ट्रक वळणावर आडवा झाल्यावर त्याच्याशी हिशेब मांडत बसलो, तर मागची रुग्णवाहिका तिथेच राहते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. इर्जिक तुम्हाला ठाऊक आहे. एखाद्याची नांगरट अडली की गावचे बैल त्याच्या शिवारात जमतात, आणि तो सर्वांना जेवू घालतो. मजुरीचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण उद्या दुसऱ्याची नांगरट अडणार असते. गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली महामार्गाच्या कडेला उलटते तेव्हा हेच अजून दिसते. जवळच्या वस्तीवरची माणसे कंदील-बॅटऱ्या घेऊन येतात, मोळ्या बाजूला रचतात, कोणाचा तरी दुसरा ट्रॅक्टर येतो, साखळी लागते. फक्त पंचवीस टनांच्या ट्रकापुढे त्या माणसांचे बळ चालत नाही. ती डहाळे मोडून आणतात, ट्रकाच्या मागे पसरतात, आणि येणाऱ्या गाड्यांना हात करीत उभी राहतात, क्रेन येईपर्यंत.