मेंदूची दुखापत आणि शुश्रूषेची परंपरा : फर्दापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात, अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वसलेले फर्दापूर हे वाटसरूंचे गाव होय. औरंगाबाद-जळगाव मार्गावरील या गावाला मोगलकालीन सराईचा वारसा लाभला आहे. आज हाच मार्ग वेगवान वाहनांचा आहे आणि रस्ते-अपघातात डोक्याला होणारा मार हा मृत्यूचे व कायमच्या अपंगत्वाचे एक प्रमुख कारण ठरला आहे. प्रस्तुत लेखात मेंदूच्या दुखापतीविषयीच्या ज्ञानाचा आणि त्यानंतरच्या शुश्रूषेचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

प्राचीन भारतीय दृष्टी :
चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात शिर, हृदय व बस्ती ही तीन प्रधान मर्मे मानली आहेत. शिरावर आघात झाल्यास मान ताठणे, तोंड वाकडे होणे, मोह, हालचाल थांबणे, वाचा जाणे वा अडखळणे अशी लक्षणे तेथे नोंदविली आहेत. डोक्याला मार लागला असता दूरच्या अवयवांवर परिणाम होतो, हे निरीक्षण त्यातून स्पष्ट होते.

अजिंठ्याचे विहार ज्या भिक्षुसंघासाठी कोरले गेले, त्याच्या विनयपरंपरेतील एक कथा येथे विचारात घेणे आवश्यक आहे. महावग्गातील या कथेत, सात वर्षे मस्तकशूळाने पीडित असलेल्या राजगृहाच्या श्रेष्ठीची कवटी उघडून वैद्य जीवकाने शस्त्रक्रिया केली. ही घटना दुखापतीची नव्हे आणि कथेत दंतकथेचा अंशही आहे. तथापि, तिचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. जीवकाने रुग्णास दोन्ही कुशींवर व पाठीवर प्रत्येकी सात महिने पडून राहण्याची अट घातली होती. प्रत्यक्षात तो प्रत्येकी सात दिवसच राहू शकला आणि एकवीस दिवसांत बरा झाला. सात महिने सांगितले नसते तर तो इतकाही पडून राहिला नसता, असे जीवक त्यास सांगतो. रुग्णाच्या धीराचा विचार हा उपचाराचाच भाग होता, असे यावरून म्हणता येईल. याच ग्रंथात रुग्णसेवकाचे पाच गुण दिले आहेत. औषध सिद्ध करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र उचलण्याची किळस नसणे आणि रुग्णास उपदेशाने उभारी देणे, हे ते गुण होत.

आधुनिक कालखंड :
इ. स. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज या कामगाराच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, परंतु त्याचा स्वभाव पालटल्याचे त्याच्या वैद्याने नोंदविले. शरीर सावरले तरी माणूस पूर्ववत होतोच असे नाही, हे त्यामुळे अभ्यासकांच्या ध्यानी आले. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया यांनी मेंदूस इजा झालेल्या सोव्हिएत सैनिकांच्या पुनर्वसनाचे पद्धतशीर कार्य केले. भारतात १९४९ मध्ये जेकब चांडी यांनी वेल्लोर येथे मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला. १९७४ मध्ये ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी बेशुद्धीची खोली मोजणारी श्रेणी मांडली. मराठवाड्यात १९५६ साली स्थापन झालेले औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच 'घाटी', हे रुग्णांचे मुख्य आश्रयस्थान ठरले. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली.

कायदा आणि वास्तव :
२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळतात. ही तरतूद स्वागतार्ह असली तरी ती जीव वाचविण्यापुरती आहे. स्मृतिभ्रंश, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, बोलण्यातील अडचण या तक्रारी घरी परतल्यावरच ठळक होतात व महिनोन्महिने टिकतात. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मेंदूची दुखापत स्वतंत्रपणे नमूद नाही. त्यामुळे हातपाय चालणारा परंतु पूर्वीसारखे काम न जमणारा रुग्ण अनेकदा 'वेडा' वा 'आळशी' ठरतो आणि त्याच्या सेवेचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर पडतो.

निष्कर्ष :
मेंदूच्या दुखापतीच्या इतिहासात शस्त्राची प्रगती मोठी आहे. शुश्रूषेची व्यवस्था मात्र मागे राहिली. फर्दापूरसारख्या गावांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या स्तरावर रुग्णाची नियमित फेरतपासणी, वाचा व व्यवसायोपचार आणि कुटुंबीयांना मार्गदर्शन या गोष्टी सुरू होणे आवश्यक आहे. ज्या परिसरातील विहारांत रुग्णसेवा हा संघाचा धर्म मानला गेला, तेथे ती आज एकट्या कुटुंबावर सोडणे इतिहासाशी सुसंगत ठरणार नाही.