मूत्रकृच्छ्र, उन्हाळी आणि कबाबचिनी : एका व्याधीची व तिच्या औषधींची नामकथा

अलीकडे आयुर्वेदविषयक प्रबंधांतून, औषधींच्या वेष्टनांवरून व लोकप्रिय पुस्तिकांतून एक समीकरण फार सहजपणे मांडले जाते. संस्कृत वैद्यकग्रंथांतील 'मूत्रकृच्छ्र' म्हणजे आजचा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, असे ते समीकरण होय. एकदा हे गृहीत धरले की मूत्रकृच्छ्रावर सांगितलेली प्रत्येक वनस्पती आपोआप जंतुसंसर्गावरील औषध ठरते, आणि तिच्यामागे दोन सहस्र वर्षांचा अनुभव उभा केला जातो. त्या वनस्पती गुणकारी आहेत की नाहीत, ह्याचा निर्णय करणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाच्या अधिकारात येत नाही. परंतु ज्या भाषांतरावर हा सारा इमला उभा आहे, ते तपासणे मात्र त्याचे काम आहे. आणि ते तपासू जाता भाषांतर टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'कृच्छ्र' म्हणजे कष्ट, क्लेश. मूत्रकृच्छ्र ह्या शब्दात मूत्रविसर्जनाच्या वेळी होणाऱ्या कष्टाचा निर्देश आहे; त्या कष्टाच्या कारणाचा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ह्या व्याधीचे प्रत्येकी आठ प्रकार सांगितलेले आहेत. वात, पित्त, कफ व तिघांचा संनिपात हे चार दोन्हींत समान आहेत; अश्मरी म्हणजे मुतखडा आणि शर्करा म्हणजे मूत्रातील खर हेही दोन्हींत येतात. सुश्रुताने तर आघाताने होणारे व मलावरोधाने होणारे मूत्रकृच्छ्रही वेगळे गणले आहे. ज्या संज्ञेखाली खडा, मार आणि मलावरोध हे सारे एकत्र नांदतात, ती संज्ञा एका जंतूने होणाऱ्या रोगाचे नाव असू शकत नाही. जंतुसंसर्गाचे रुग्ण त्या आठांत विखुरलेले असणार, ह्यात शंका नाही. पण 'त्यांतील काही' आणि 'ते सर्व' ह्यांतील अंतर इतिहासलेखकाने विसरता कामा नये. मूत्रमार्गाच्या बहुसंख्य संसर्गांना जबाबदार असलेल्या जंतूचे वर्णन थिओडोर एशरिश ह्याने १८८५ साली केले, आणि तेही प्रथम अर्भकांच्या मलातील जंतू म्हणून. त्यापूर्वी कोणत्याही देशाच्या वैद्यकात ह्या व्याधीला कारणवाचक नाव मिळणे शक्यच नव्हते. हा आपल्या ग्रंथकारांचा दोष नव्हे, आणि त्यांचे पूर्वज्ञानही नव्हे.

शब्द एका जागी स्थिर राहत नाहीत, हे ध्यानात घेतल्यास गुंतागुंत आणखी वाढते. संस्कृतातील 'प्रमेह' ही वीस प्रकारांच्या मूत्रविकारांची व्यापक संज्ञा. मधुमेह हा त्यांतीलच एक. तोच शब्द मराठीत 'परमा' होऊन आला तेव्हा त्याचा अर्थ संकोच पावून लैंगिक संसर्गाने होणाऱ्या एका विशिष्ट रोगापुरता उरला. फारसीतून आलेला 'सुजाक' हा त्याच रोगाचा दुसरा शब्द. त्याच्या मुळाशी जळण्याचा अर्थ आहे. तेव्हा जुन्या मराठी बाडात 'परम्यावर औषध' असा मथळा आढळला, तर ते औषध मधुमेहाचे समजणे जितके चुकीचे, तितकेच त्याला सर्वसाधारण मूत्रसंसर्गाचे औषध समजणेही चुकीचे ठरेल.

मराठी लोकभाषेत ह्या दुखण्याला 'उन्हाळी लागणे' असे म्हणतात. हा शब्द मला अतिशय बोलका वाटतो. संस्कृत 'उष्ण'पासून 'ऊन' व त्यापासून 'उन्हाळी'. सुश्रुताने मूत्राघाताच्या प्रकारांत 'उष्णवात' नावाचा एक प्रकार सांगितला असून अतिश्रम, वाटचाल व ऊन ही त्याची कारणे दिली आहेत. भर वैशाखात शेतात राबणाऱ्या वा पायी वाट तुडवणाऱ्या माणसाला थेंब थेंब, जळजळीत लघवी होते, हा अनुभव ह्या दोन्ही शब्दांमागे आहे. मूत्रकृच्छ्र ह्या शब्दात केवळ लक्षण होते. उन्हाळी ह्या शब्दात निदान शिरले. दुखणे उष्णतेचे आहे असे नावानेच सांगितले, की उपचार थंड असणार हेही नावानेच ठरवून टाकले. धन्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, भिजवलेला सब्जा, शहाळे, खडीसाखर घातलेले जिऱ्याचे पाणी ही आपल्या घरांतील यादी पाहिली, तर ती एका शब्दातून उलगडलेली यादी आहे हे सहज दिसून येईल.

ह्या यादीत एक गोष्ट मात्र सर्वत्र समान आहे व तिला कोणी औषधी म्हणून गणलेले नाही. ती म्हणजे पाणी. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या व एरवी पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर केलेली एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील अर्ध्या स्त्रियांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी अधिक प्यावे, अशी योजना होती. त्या वर्षात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. घरगुती उपचारांचे श्रेय धन्याला द्यावयाचे की ज्या तांब्यात धने भिजवले त्या तांब्यातील पाण्याला, हा प्रश्न ह्यामुळे रास्त ठरतो. हेही सांगितले पाहिजे, की ही चाचणी प्रतिबंधाची होती, उपचाराची नव्हे. थंडी वाजून ताप, कुशीत वा पाठीत वेदना, लघवीतून रक्त ही लक्षणे असता, किंवा गर्भवती स्त्रीला थोडीशी जळजळ झाली तरी, तिला 'उन्हाळी' म्हणून धन्याच्या पाण्यावर ठेवणे घातक ठरू शकते. शब्द सौम्य असला म्हणून संसर्ग सौम्य असतो असे नाही. तो मूत्रपिंडापर्यंत चढतो.

रोगांच्या नावांची ही स्थिती, तर वनस्पतींच्या नावांची त्याहून बिकट. चरकाने मूत्रविरेचनीय म्हणून ज्या दहा वनस्पती सांगितल्या, त्यांत श्वदंष्ट्रा व पाषाणभेद आहेत. श्वदंष्ट्रा, त्रिकंटक, गोक्षुर ही सारी नावे फळाच्या काट्यावरून पडली. मराठीत तोच 'सराटा' किंवा 'काटे गोखरू'. परंतु बाजारात 'मोठे गोखरू' नावाची दुसरीच वनस्पती मिळते. तिचे कुळ निराळे. तिची ताजी डहाळी पाण्यात ढवळली की पाणी दाट व बुळबुळीत होते, जे सराट्याने होत नाही. पाषाणभेदाचे तर विचारूच नये. 'दगड फोडणारा' हे वनस्पतीचे नाव नसून तिच्याविषयीची अपेक्षा आहे. त्यामुळे हिमालयात एक, दक्षिणेत दुसरी आणि अन्यत्र तिसरीच वनस्पती त्या नावाने वापरली गेली.

ह्या सर्व नावांत कबाबचिनीची कथा सर्वांत उद्बोधक आहे. मराठीत हिला 'कंकोळ' असेही म्हणतात व हा शब्द संस्कृत 'कक्कोल'पासून आला आहे. चरकाने कक्कोल सांगितले आहे ते कापूर, लवंग, जायफळ ह्यांच्या पंक्तीत, तोंडात धरून मुख सुगंधित करण्यासाठी. मूत्रविरेचनीय दशकात ते नाही. उलट अरबी वैद्यकात 'कबाबा' मूत्रमार्गासाठी गुणकारी मानली जात होती. हा उपयोग आपल्याकडे अरबी-फारसी वैद्यकाच्या वाटेने आला असावा, असे अनुमान त्यावरून निघते. त्यास भाषिक दुजोराही आहे. कबाबचिनी गुणाने उष्ण मानली जाते. 'उन्हाळी' ह्या शब्दाच्या तर्काने ती कधीच औषध ठरली नसती. आपल्या यादीत न बसणारी ही वस्तू बाहेरून आली, म्हणूनच तिने आपले परके नावही बरोबर आणले.

आणि त्या नावातील 'चिनी' तरी कोठली? ही वेल चीनची नव्हे, जावा बेटांची. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता ह्याच्या संवादग्रंथात कबाबचिनीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ओर्ता १५३४ साली गोव्यास आला होता. येथील वैद्य व हकीम ह्यांच्याशी त्याचा नित्य संबंध होता. तो सांगतो की हा जिन्नस चीनमध्ये होत नाही. चिनी व्यापारी तो सुंदा व जावा येथून आणीत, म्हणून हिंदुस्थानात हे नाव रूढ झाले. व्यापाऱ्याचे नाव मालाला चिकटते ह्याचे इतके स्वच्छ विवेचन सोळाव्या शतकात कोकणच्या किनाऱ्यावर व्हावे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. दालचिनीच्या नावातील 'चिनी' हीदेखील ह्याच जातीची.

पुढील प्रवास चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात कबाबचिनी ही मिरीची कनिष्ठ बहीण एवढीच उरली होती. लंडनच्या १८०९ च्या औषधकोशातून ती गळाली होती. १८११ ते १८१६ ह्या काळात जावा ब्रिटिशांच्या ताब्यात असताना तेथील इंग्रज डॉक्टरांनी परम्यावरील तिचा उपयोग पाहिला, आणि थोड्याच वर्षांत ती युरोपच्या दवाखान्यांत पुन्हा दाखल झाली. पुढे शतकभर ती, चंदनाच्या तेलाच्या जोडीने, तेथे टिकून राहिली. १९३० नंतरच्या दशकात सल्फा औषधे व पाठोपाठ पेनिसिलिन आले, आणि कबाबचिनी निघून गेली. आज आपल्या बाजारात 'कबाबचिनी' मागितल्यास पुष्कळदा वेस्ट इंडीजकडील एका निराळ्याच वृक्षाची मिरीसारखी फळे हाती पडतात. मसाल्यास त्याने बाध येत नाही. जुन्या पाठातील औषधास येतो.

हा नामसंभ्रम केवळ गतकाळचा आहे अशी समजूत असल्यास क्रॅनबेरीकडे पाहावे. उत्तर अमेरिकेतील दलदलीच्या भूमीत होणारे हे आंबट, तांबडे फळ मूत्रसंसर्गाच्या प्रतिबंधासाठी आता सर्वत्र विकले जाते. १९१४ साली ब्लादरविक ह्याने ते खाल्ल्याने मूत्राची आम्लता वाढते असे दाखवले, व बराच काळ तेच त्याच्या गुणाचे कारण मानले गेले. १९८४ साली सोबोटा ह्याने निराळे कारण पुढे आणले : जंतूंचे पेशींना चिकटणे त्याने कमी होते. २०२३ साली पन्नास चाचण्यांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यानुसार वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत क्रॅनबेरीने पुढील संसर्गाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटतो. संस्थांत राहणाऱ्या वृद्धांत व गर्भवतींत मात्र लाभ आढळला नाही. झालेला संसर्ग ते फळ बरे करते, असे ह्या परीक्षणाने म्हटलेले नाही. जंतू चिकटू नयेत ह्याच तत्त्वावर खपणारी मॅनोज शर्करा २०२४ साली ५९८ स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीत निष्प्रभ ठरली. तत्त्व पटण्याजोगे असणे आणि औषध लागू पडणे ह्या दोन गोष्टी आहेत.

आता हे फळ आपल्याकडे पिकत नाही, म्हणून त्याला देशी प्रतिशब्द हवा असे काहींना वाटले. आंबट, तांबूस, झुडपावरचे फळ म्हटल्यावर करवंद पुढे आले, आणि 'भारतीय क्रॅनबेरी' ह्या नावाने ते विकले जाऊ लागले. सह्याद्रीच्या जाळ्यांत पिकणारे हे फळ रुचकर आहे. त्याच्या लोणच्याला तोड नाही. पण ते कण्हेरीच्या कुळातील, आणि क्रॅनबेरी त्या कुळाच्या जवळपासही नाही. त्या पन्नास चाचण्या ज्या फळावर झाल्या त्याचे नाव करवंदाला दिल्याने त्यांचे निष्कर्ष करवंदाला लागू होत नाहीत.