वादळाला जात नसते, पण सातबाऱ्याला असते

वादळाला जात नसते, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. वारा घरमालकाचे आडनाव विचारत नाही, हे खरेच आहे. पण वाऱ्यापुढे कोणाची भिंत टिकेल आणि वारा ओसरल्यावर मदतीच्या यादीत कोणाचे नाव चढेल, हे इतिहासाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

टोर्नेडो म्हटले की अमेरिका डोळ्यांसमोर येते. सर्वाधिक टोर्नेडो तिथेच होतात. पण नोंदीतला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात झाला. सुमारे १३०० माणसे गेली. वाऱ्याचा वेग निसर्ग ठरवतो; किती माणसे मरतील, हे बरेचसे घराच्या भिंती ठरवतात.

आपल्या राज्यातले जवळचे उदाहरण निसर्ग चक्रीवादळाचे. चक्रीवादळ टोर्नेडोपेक्षा खूप मोठे असते, पण गावाची दैना तशीच होते. ३ जून २०२० रोजी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड आणि रत्नागिरीत घरांची छपरे उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, तोही या तडाख्यातून सुटला नाही.

राज्य सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. कोकणातल्या वाड्या काही गुंठ्यांच्या असतात, म्हणून ओरड झाली. मग झाडामागे मदत ठरली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. मदत तुटपुंजी आहे, यावर बरीच चर्चा झाली. पण मूळ प्रश्न वेगळा आहे. हेक्टर मोजा की झाड मोजा, पैसा मालकालाच जातो. त्या झाडावर चढून नारळ पाडणाऱ्याचे आणि सुपारी सोलणाऱ्या बाईचे काय? नवे झाड फळायला काही वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्यांची मजुरी बुडते.

ती माणसे बिनजमिनीची का राहिली, याचे उत्तर त्याच मातीत आहे. अलिबाग तालुक्यातच चरी गावी १९३३ साली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. पुढे कूळ म्हणून ज्याची नोंद होती त्याला जमीन मिळण्याचा मार्ग खुला झाला. जो नुसता राबत होता, तो तसाच राहिला. म्हणूनच १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करावा लागला.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६१ मदत देताना जात, धर्म, लिंग यावरून भेदभाव करायला मनाई करते. पंचनाम्याच्या कागदावर भेदभाव दिसतही नाही. तिथे फक्त सातबारा मागितला जातो. पण ज्या समाजाला शतकानुशतके जमिनीपासून तोडले, त्याच्याकडे सातबारा मागितला की जातीचे नाव न घेताही जातीचे काम होते.

हा प्रश्न फक्त कोकणाचा नाही. आपल्या विदर्भात गारपीट झाली, वादळी पावसाने संत्र्याचा बहार झडला, तरी हेच घडते. ठेक्याने वा बटईने शेती करणारा पिकात पैसा घालतो, पण मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. मजुराचे बुडालेले दिवस तर कोणी लिहूनच घेत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी वादळानंतर फक्त कपडे आणि धान्य वाटून परत येऊ नये. त्याच कायद्याचे कलम १२ उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्याची तरतूद करते. त्याचा आधार घ्या. पंचनामा चालू असताना वस्तीत हजर राहा. मजुरांची आणि बटईदारांची स्वतंत्र यादी करा, ती ग्रामसभेत मांडा, तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या. दानाची भाषा आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेली नाही. हक्काची शिकवली आहे.

जय भीम!