शेतीच्या आठवड्याची आखणी : आधी वीज-पाणी, मग बाकीची कामे

परभणी : प्रत्येक कामाला ठरावीक वेळ राखून आठवडा आखण्याची पद्धत कार्यालयांतून आता रूढ झाली आहे. परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. फरक इतकाच, की त्याच्या आठवड्यातील महत्त्वाच्या वेळा त्याच्या हाती नसतात. वीज केव्हा येणार हे महावितरण ठरविते, कालव्याला पाणी केव्हा सुटणार हे पाटबंधारे खाते ठरविते आणि औत केव्हा धरायचे हे जमीन ठरविते. या तीन वेळा आधी मांडून उरलेल्या जागेत बाकीची कामे बसविणे, एवढेच नियोजन त्याच्याकडे उरते. पण तेवढे नीट जमले तरी हंगाम वाचतो.

जुन्या पिढीची आखणी नक्षत्रांवर चालत असे. सूर्य एका नक्षत्रात साधारण 13 ते 14 दिवस असतो. 7 किंवा 8 जूनला मृग निघाले की खरिपाचा हिशेब सुरू होई. त्यातही अनेक गावांत सोमवारी आणि अमावास्येला बैल जुंपले जात नसत, आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर मिळत नसत. म्हणजे आठवड्यातील दोन दिवस आधीच वजा. ट्रॅक्टर आल्यावर बैलांची सुटी मागे पडली. बाजारचा दिवस मात्र अजूनही धरावाच लागतो.

जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत सर्वांत मौल्यवान वेळ वाफशाची. पाऊस पडताच औत घातले तर माती फासाला चिकटते. उशीर झाला तर जमीन भेगाळते आणि तण वर येते. या दोन अवस्थांच्या मधले मोजके दिवस पेरणी व कोळपणीचे. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि तो खाली टाकावा. फुटला तर वाफसा आला, नुसता चेपला तर थांबावे. वाफशाच्या दिवसांत तालुक्याची कामे, लग्नसराईची बोलणी, सोसायटीतील हेलपाटे यांपैकी काहीही ठेवू नये. पेरणीपूर्वी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा, असा कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो. पहिल्या सरीला घाई करणाऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते.

वीज हा आठवड्याचा दुसरा खांब. कृषिपंपांना दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास अशी आलटून-पालटून थ्री फेज वीज देण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही वाहिन्यांवर दिवसा पुरवठा शक्य झाला. जेथे ती पोचली नाही, तेथे रात्री दारे धरणे टळत नाही. हिशेब तासांत करावा. समजा, तीन एकर गव्हाला एकरी सहा तास लागतात. एकूण 18 तास झाले. दिवसाच्या पाळीत ते तीन दिवसांचे काम, रात्रीच्या पाळीत दोन रात्रींचे. लाइन मध्येच जाते, म्हणून एक पाळी जास्तीची धरलेली बरी. रात्रभर पाणी भरलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहू नये, ही साधी गोष्ट अनेक घरांत विसरली जाते. साप-विंचू, रानडुक्कर आणि थंडी यांचा सामना करून आलेला माणूस सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेतो, तेव्हा अपघाताला वेळ लागत नाही. ऑटो स्विचवर विसंबून घरी झोपणाऱ्यांचे मोटार चालू झाल्याचे समाधान खरे असते, पाणी कोणत्या सरीत गेले ते सकाळी कळते.

कालव्याखालील गावांत पाळीचा दिवसच पहिला लिहावा लागतो. नाथसागराचा 208 किलोमीटरचा डावा कालवा जालना ओलांडून परभणी जिल्ह्यात येतो, म्हणजे येथील बरेच क्षेत्र कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. पाण्यासाठी नमुना क्रमांक 7 चा अर्ज भरून मंजुरी घ्यावी लागते आणि चारीवर शेजपाळीने, साधारणतः शेवटच्या शेतापासून वरच्या शेताकडे, पाणी दिले जाते. आपली पाळी हुकली की पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. घाटे भरण्याच्या वेळी हरभऱ्याला ही वाट महागात पडते. त्यामुळे सरी-वरंबे आणि शेतचारी यांची दुरुस्ती पाळीच्या किमान दोन दिवस आधी उरकावी.

हवामानाचा अंदाज घेऊन आठवडा दोन भागांत तोडणे सोयीचे ठरते. परभणीच्या कृषी विद्यापीठातून (स्थापना 18 मे 1972, 2013 पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील पाच दिवसांच्या अंदाजासह कृषी हवामान सल्ला दिला जातो. तेव्हा आखणीसाठी रविवारची रात्र निवडण्यापेक्षा मंगळवारची संध्याकाळ निवडावी, शुक्रवारी तीच पुन्हा तपासावी. फवारणी, सोयाबीनची काढणी व मळणी, कापसाची वेचणी ही कामे अंदाज पाहूनच टाकावीत. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, वारा मंद असताना करावी. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे, मुखपट्टी आणि फवारणीनंतर अंघोळ यांचा वेळही त्याच कामात मोजायला हवा. वेचणीस दव सुकल्यावर, पण ऊन कडक होण्यापूर्वी लागावे. ओला कापूस खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या कारणाने अडतो आणि तो दिवस वाया जातो.

घरातील भिंतीवरची दिनदर्शिका या साऱ्याला पुरेशी आहे. वीज, कालव्याची पाळी आणि बाजार शाईने लिहावेत. कोळपणी, खुरपणी, खत देणे पेन्सिलीने. खुरपणीच्या बाया ज्या दिवशी सांगून ठेवल्या असतील, त्या दिवसापुढे मजुरीची रक्कमही लिहावी. दर आठवड्याला एक दिवस कोराच ठेवावा. पावसाळ्यात तो बहुधा पहिल्या तीन दिवसांतच भरून जातो.