समाज आरतीतला टाळ

माउलींच्या पालखीबरोबर ज्यांनी एकदा तरी आषाढीची वाट चालली आहे, त्यांना मुक्कामाची समाज आरती सांगायला नको. तरी जे वाटेवरून माउलींना हात जोडून घरी परतले, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दिवसभर मागेपुढे चालणाऱ्या दिंड्या संध्याकाळी तळावर येतात आणि पालखीभोवती मोठे रिंगण धरून उभ्या राहतात. सगळ्यांचे टाळ, सगळ्यांचे मृदंग एकदम चालू असतात. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागते. मग पालखीजवळचा चोपदार हातातला चोप उंच करतो आणि एक पुकार देतो. तेवढ्याने हजारो टाळ थांबतात. वाऱ्याने पताका फडफडते तीसुद्धा ऐकू येते.

मग हरवले-सापडले सांगतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. पण एखाद्या दिवशी असे होते की चोप वर जातो, सगळे थांबतात आणि एका कोपऱ्यात एका दिंडीचा टाळ वाजतच राहतो. नवख्याला वाटते, यांना दिसले नसावे. तसे नसते. त्या दिंडीची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. कुणी क्रम मोडून पुढे घुसले असेल, कुणाला राहुटीला जागा मिळाली नसेल. चोपदार तिथपर्यंत चालत जातो, काय म्हणणे आहे ते ऐकतो आणि मालकांच्या कानावर घालतो. ऐकून घेतले की टाळ थांबतो. तोवर बाकी सगळा समाज उभा असतो आणि आरतीही थांबलेली असते.

एवढ्या दिंड्या एका सोहळ्यात नांदतात कशा, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. उत्तर देताना लोक भक्तीचे नाव घेतात. भक्ती आहेच. पण आमच्या पूर्वजांनी व्यवस्थाही लावली होती, आणि तिचा विचार आपण कमी करतो.

तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, देहूहून आळंदीस येऊन ज्ञानोबांच्या पादुका सोबत घेतल्या आणि दोन्ही पादुका एका पालखीतून पंढरीस नेल्या. पुढे कितीतरी वर्षे तसेच चालले. माउलींचा सोहळा आळंदीहून स्वतंत्र निघू लागला तो एकोणिसाव्या शतकात, 1832 च्या सुमारास, आणि तो हैबतबाबांमुळे. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले लष्करी माणूस. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना धरले आणि हरिपाठ म्हणत असता ते सुटले, अशी कथा आपण सारे सांगत आलो आहोत. त्यानंतर ते घरी न जाता आळंदीतच राहिले. आळंदीच्या महाद्वारातली त्यांची पायरी आजही आपण डोके टेकवून मगच ओलांडतो.

फौजेतल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पुष्कळ माणसे एका वाटेने न्यायची तर कोण कुणाच्या मागे, हे आधी ठरलेले हवे. कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला तयार, तिसऱ्याला चालू पडायचे. हे कीर्तनकाराला सुचण्यासारखे नाही (मी स्वतः कीर्तनकार आहे, म्हणून सांगतो). बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिला. अंकलीचे घोडे आजही दरसाल तिथून चालत आळंदीला येतात. आणि वासकरांसारख्या फडकऱ्यांनी आपल्या दिंड्या आणल्या. रथापुढे 27 दिंड्या, रथामागे आता दोनशेहून अधिक. रथामागची पहिली वासकरांची.

फड म्हणजे काय, हे फडाबाहेरच्याला कळायला वेळ लागतो. प्रत्येक फडाची गुरुपरंपरा निराळी, भजनाचा शिरस्ता निराळा. एकच अभंग असतो, पण एक फड तो संथ उचलतो, तर दुसरा पावलीच्या अंगाने नेतो. कुठला अभंग कुठल्या ठिकाणी म्हणायचा यावरही मते असतात, आणि ती सौम्य नसतात. माझ्या तरुणपणी दोन म्हातारे टाळकरी एका चालीवरून जेवण सोडून भांडलेले मी पाहिले आहेत. हैबतबाबांच्या व्यवस्थेत कुणाला चाल बदलायला लावली नाही. सकाळी काकड्याचे अभंग, वाटेत वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ, एवढे सगळ्यांचे सारखे. बाकी आपापल्या फडाचे आपल्याकडे. दिंडीचा विणेकरी दिंडीचाच, तिची भाकरी तिचीच, तिचा हिशेब तिचाच. सोहळ्याने मागितले ते इतकेच: क्रम सोडू नका आणि चोप वर गेला की थांबा. त्या थांबण्यालाही ती एक सवलत ठेवली. ज्याला दुखले आहे त्याने थांबू नये.

गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह याच मुशीतले. सात दिवसांचे 168 तास वीणा खाली ठेवायची नाही. दोन तासांचा पहारा धरला तर 84 पहारे होतात. एका पहाऱ्याला एक विणेकरी आणि चार-सहा टाळकरी तरी हवेत. वीस-पंचवीस माणसांचे भजनी मंडळ शेतीभाती सांभाळून हे एकट्याने करू शकत नाही. म्हणून शेजारच्या गावांची मंडळे बोलवायची, एकेका रात्रीचा जागर एकेका गावाने घ्यायचा, आणि त्यांचा सप्ताह आला की आपण जायचे. उसनवार ठेवायची, पण हिशेब धरायचा नाही.

आता माझे सांगतो. 1972 चा दुष्काळ. आमचा भाग माणदेशचा, म्हणजे चांगल्या वर्षीही ढगाकडे बघणारा. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, घरात मिलोची भाकरी होती. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे शिकून मी नुकताच गावी आलो होतो, आणि विद्येचा ताठा होता. अशा वर्षी सप्ताह करावा का, यावर बैठक झाली. करायचाच, पण पंगती नाहीत, प्रत्येक घराने जमेल ती भाकरी आणावी, असे ठरले. सात गावांची मंडळे यायची, त्यातली तीनच आली. बाकीच्यांची माणसे लांबच्या कामांवर गेलेली.

गावकुसाबाहेरच्या वस्तीतही एक भजनी मंडळ होते. अकरा माणसे. स्वतःचा पखवाज, त्याची शाई ते स्वतः भरत. त्यांनी निरोप पाठवला की आम्हाला एक पहारा द्या. पंढरीचे मंदिर सानेगुरुजींच्या उपोषणाने 1947 सालीच सर्वांना खुले झाले होते. आमच्या मंडपात मात्र पंच म्हणाले, "बघू." पहाऱ्यांची यादी लिहायचे काम माझ्याकडे होते, कारण अक्षर बरे. मला त्यांचे नाव लिहू नको असे कुणी म्हटले नाही. लिही असेही म्हटले नाही. रात्रीचे पहारे रिकामे पडत होते. मी तिथे आमच्याच पोरांची नावे दोन-दोनदा घातली.

चौथ्या रात्री कीर्तन झाले. पुंडलिक वरदेचा गजर झाला. सगळे थांबले, आणि मंडपाबाहेर, लिंबाखाली, टाळ चालूच राहिला. आधी एक जोड, मग पाच-सहा. लोक कुजबुजू लागले. कुणीतरी म्हणाले, यांना कळत नाही का? आमचे विणेकरी अण्णा, ज्यांनी तेव्हा तीसेक वाऱ्या केल्या होत्या, त्यांना मात्र लगेच कळले. त्यांनी शेजाऱ्याच्या गळ्यात वीणा दिली, आपली काठी घेतली आणि लिंबाखाली जाऊन ती उंच धरली. टाळ त्या क्षणी थांबला.

"माउली, काय म्हणणं आहे?" अण्णांनी विचारले.

त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "म्हणणं काय न्हाई अण्णा. पहारा पायजे."

अण्णा परत आले आणि माझ्याकडे यादी मागितली. रागावले नाहीत. कोणता पहारा मोकळा आहे, विचारले. मी म्हणालो, एकही नाही. त्यांनी माझ्याच लेखणीने स्वतःचा पहाटे दोन ते चारचा खोडला आणि तिथे त्यांच्या मंडळाचे नाव घातले. दोन वाजता त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात वीणा गेली. वीणा देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पाया पडायचे आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या, हा आपला शिरस्ता. अण्णा वाकले. मंडपात जागे होतो आम्ही आठ-दहा जण.

दुसऱ्या दिवशी दोन घरांतून भाकरी आली नाही. एक पंच काल्यालाही आले नाहीत. हे सांगायला हवे, नाहीतर गोष्ट फार गोड होते. आणखीही एक सांगायला हवे. पुढच्या वर्षी यादी मीच लिहिली. त्या मंडळाचे नाव न विसरता लिहिले, आणि दोन ते चारवरच लिहिले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसेच. अण्णांनी आपला पहारा दिला होता, तो मी त्यांना कायमचा चिकटवून टाकला. दिवसाउजेडी, गाव जमलेले असताना त्यांच्या गळ्यात वीणा यावी, हे माझ्या लेखणीला पुष्कळ वर्षे सुचले नाही. त्या काळात मी कीर्तनांतून चोखोबांवर भरपूर बोलत होतो आणि बिदागीही घेत होतो.

आता सप्ताहाच्या फलकावर कीर्तनकारांचे मोठे फोटो असतात, आणि खाली बारीक अक्षरात "साथ: पंचक्रोशीतील भजनी मंडळे". कुठली मंडळे, ते कुणी लिहीत नाही. पूर्वी ज्या गावांशी पहाऱ्याची उसनवार होती, त्यांतल्या दोन गावांत मंडळच उरलेले नाही. जागराच्या रात्री मंडपात विणेकरी आणि एक पेंगणारा टाळकरी, एवढेच दिसतात. आमच्या गावात पखवाज टिकला आहे तो त्या म्हाताऱ्याच्या नातवामुळे. तो विठ्ठल मंदिरात संध्याकाळी पोरांना शिकवतो. सगळ्या आळ्यांतली पोरे येतात, कणकेचा गोळा घरून आणतात आणि बोल विसरली की त्याची बोलणी खातात.

माझा हात आता थरथरतो, म्हणून गेल्या साली यादी त्याच्याकडून लिहून घेतली. मी सांगत होतो, तो लिहीत होता. त्यांच्या मंडळाला मी सकाळी दहा ते बाराचा पहारा सांगितला. त्याने तो लिहिला. मग खाली जाऊन दोन ते चारवरही नाव घातले. मी म्हणालो, अरे, आता तो कशाला? तो म्हणाला, "त्या वेळेला दुसरं कोण आहे, बाबा?"