टिकलीचा गोंद

टिकलीचा गोंद : कपाळावरची चिकट टिकली त्वचेला धरून ठेवणारे आसंजक. टिकलीची वरची बाजू मखमलीची किंवा पीव्हीसीच्या पातळ पापुद्र्याची असते आणि मागे गोंदाचा थर असतो. पूर्वी महाराष्ट्रात कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवत. तयार टिकलीने तो खटाटोप वाचवला. आज सेलूसारख्या (जि. वर्धा) तालुक्याच्या गावीही कटलरीच्या दुकानात टिकल्यांची पाकिटे टांगलेली असतात.

घटक व कार्य : टिकल्यांच्या अनेक गोंदांत पॅराटर्शरी ब्युटिलफिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझीन हे कृत्रिम बहुवारिक आढळले आहे. पॅराटर्शरी ब्युटिलफिनॉल (पीटीबीपी) आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संघननाने ते बनते. निओप्रीनसारख्या रबरात मिसळल्यावर ते गोंदाचा चिकटपणा वाढवते. चपला-बूट आणि घड्याळाचे चामडी पट्टे यांच्या गोंदातही तेच वापरतात.

अपाय : पूर्ण तयार झालेल्या बहुवारिकाचे रेणू मोठे असतात आणि ते त्वचेत सहसा शिरत नाहीत. अपाय होतो तो रेझिनात उरलेल्या लहान रेणूंमुळे. मुक्त पीटीबीपीची रचना टायरोसिन या अमिनो अम्लाशी मिळतीजुळती असते. त्यामुळे ते रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींच्या कामात शिरते आणि त्या पेशी मरतात. मग टिकलीच्या जागी, टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो. आधी खाज किंवा लाली येतेच असे नाही. काही जणींमध्ये डाग टिकलीच्या कडेबाहेरही पसरतो. दुसरा अपाय म्हणजे ॲलर्जीजन्य त्वचादाह. तो मुख्यतः रेझीन बनताना उरलेल्या मधल्या संयुगांमुळे होतो आणि त्यात खाज, लाली व पुरळ दिसते. १९९० मध्ये अलाहाबादचे (आताचे प्रयागराज) त्वचारोगतज्ज्ञ ए. के. बजाज व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिकलीच्या गोंदातील मुक्त पीटीबीपी आणि वर्णलोप (त्वचेचा रंग जाणे) यांचा संबंध मांडला.

निदान व उपचार : पाठीवर पट्टी चाचणी करतात. १ टक्का रेझीन असलेले मलम ४८ तास चिकटवून ठेवतात आणि नंतर त्वचेची प्रतिक्रिया तपासतात. उपचाराची पहिली पायरी म्हणजे टिकली तात्काळ बंद करणे. त्यानंतर डॉक्टर मलमे किंवा प्रकाशोपचार सुचवतात. काहींचा रंग परत येतो, काहींचा डाग कायम राहतो. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. टिकलीमुळे पडलेला डाग संसर्गजन्य नसतो. त्यावरून एखाद्या मुलीचे लग्न मोडणे किंवा तिला घरात वेगळे वागवणे हा निव्वळ अन्याय आहे.

नियमन व दक्षता : युरोपीय संघाच्या प्रसाधन नियमांत पीटीबीपीला मनाई आहे. भारतात प्रसाधनांसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. ग्राहकाला मात्र टिकलीच्या पाकिटावर गोंदाचा घटक क्वचितच वाचायला मिळतो. उत्पादकांनी तो छापायला हवा. संपर्काचा काळ जितका जास्त तितका धोका वाढतो. म्हणून रात्री टिकली काढून आरशाच्या कडेला लावण्याची घरोघरची सवय त्वचेच्या हिताची आहे. टिकलीखाली खाज, लाली किंवा फिकट ठिपका दिसताच ती लावणे थांबवावे, दुसऱ्या जागी सरकवून लावू नये आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. अशी लक्षणे दिसलेल्यांनी पुन्हा चिकट टिकली न वापरता त्रास न देणारे साधे कुंकू लावणे इष्ट.