वल्ही न सोडणारी माणसं

चौकच्या धारावी किल्ल्याच्या लढाईबद्दल पुस्तकांत तोफा आणि मोर्चे असतात. आजोबा त्याच लढाईची गोष्ट सांगायचे, पण ती देवळाची असायची. आम्ही उत्तनचे ख्रिस्ती कोळी चर्चला देऊळच म्हणतो.

१५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. दोनशे वर्षांनी, धारावीची लढाई ज्या मोहिमेतली त्याच मोहिमेत, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तहाने ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा दिली, पण परदेशी पाद्री निघून गेले. गोव्याचे आणि इथलेच थोडे पाद्री उरले, एकेकाच्या माथ्यावर कितीतरी गावं. ‘‘देऊळ होतं, मिस्सा सांगणारा नव्हता,’’ आजोबा म्हणायचे. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली आणि इतिहास पुढे सरकला. मला मात्र त्या मधल्या वर्षांचंच मोल वाटतं. सत्ता गेली, आधार गेला, तरी लोक श्रद्धेला धरून राहिले. त्यांना धरून ठेवायला तेव्हा देवाशिवाय कोण होतं?

ती श्रद्धा टिकली घराघरांत. दिवेलागणीला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायचा. उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचं पुराण गायलं जायचं. फ्रान्सिस्को वाझ दे गिमराईश यांनी १६५९ साली ते मराठीत रचलं आणि उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांनी ते तोंडपाठ करून जपलं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या आजीकडून आलेले पुराणाचे तुकडे ती खळ्यावर बोंबील वाळत घालताना गुणगुणायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची, पुढची जोडी घ्यायची. बोंबलाचे दात सुईसारखे. तिची बोटं कायम ओरखडलेली, त्यात मिठाचं पाणी. हात थांबत नसत, सूरही थांबत नसे.

प्लेगची गोष्ट तिनेच सांगितलेली. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली आणि पुढे ठाणे जिल्ह्यातही पसरली. घरं सोडून माणसं शेतात झोपड्या घालून राहिली. साष्टीच्या गावठाणांत त्या काळाचे क्रूस आजही उभे आहेत, काहींवर सालही कोरलेलं. मी लहानपणी समजून होते की साथ गेल्यावर नवस फेडायला ते उभारले असतील. आजी म्हणाली, ‘‘नाय गं. माणसं मरत होती तेव्हाच उभारले. गेल्यावर उभारायला काय लागतं?’’

तिचा धाकटा भाऊ पुढे समुद्रात गेला, परत आला नाही. ‘देवाने असं का केलं’ याचं उत्तर तिने कधी दिलं नाही. कोणी शहाणपणाने द्यायला लागलं की ती उठून जायची. पण त्या संध्याकाळीही तेर्स चुकला नव्हता, असं माझी आई सांगते.

माझे एक मामा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. वादळ शमवणाऱ्या येशूपेक्षा त्यांना मार्कच्या सहाव्या अध्यायातली रात्र जास्त जवळची. वारा समोरून, शिष्य वल्ही मारून दमलेले, येशू डोंगरावरून ते बघतोय आणि येतो पहाटेच्या प्रहरी. मामा म्हणायचे, ‘‘बघत होता, तरी रातभर वल्हवायला लावलं. तेव्हाच तर हातांत जोर येतो.’’ २००९ च्या फयान वादळाच्या वेळी आणि २०२१ च्या मेमध्ये ताउत्तेच्या वेळी मला हेच शब्द आठवले. बाया किनाऱ्यावर प्रार्थना म्हणत होत्या आणि पुरुष दोर घट्ट करत होते. दोन्हीही कामंच होती. विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून चमत्काराची वाट बघणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोळीवाड्यातली अशी एक रात्र बघावी.

आज भाईंदरच्या मिठागरांजवळ टॉवर उभे राहिले आहेत, नव्या इमारतींतली मुलं इंग्रजी मिस्सेला जातात. त्यात वाईट काही नाही. पण पुराणाचे सूर माहीत असलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, जिथे कुठे तुमच्या घरात अशी आजी असेल तिथे या उपवासकाळात मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तिच्यासमोर ठेवा आणि तिला पुराण म्हणायला सांगा. तिचं दुखणं, तिचे गेलेले, सगळं विचारा. पुढच्या वर्षावर टाकू नका.